जेल गळलं नाही, पण हललंही नाही: मोसंबीच्या बागेतल्या सौर कंट्रोलरचं प्रकरण

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत दोन भागीदारांचं एक छोटं वर्कशॉप आहे. थोरले भागीदार पत्राकाम आणि जोडणी पाहतात, धाकटे इलेक्ट्रॉनिक्स. 2 एचपीच्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) सौर पंपाचे कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज मोटरला जुळवून देणारे बॉक्स, हा त्यांचा मुख्य माल. मी औष्णिक अभियांत्रिकी शिकवतो. त्यांचं हे प्रकरण माझ्याकडे आलं ते बिघडल्यानंतर. माणसांची आणि गावाची ओळख काढून, दोघांच्या परवानगीने ते इथे मांडतो आहे. मापं आणि हिशेब मुद्दाम ठेवले आहेत, कारण सगळा उलगडा त्यांतूनच होतो.

माल गेला होता जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या मोसंबी बागायतदारांच्या एका गटाकडे. 2012-13च्या दुष्काळात या पट्ट्यातल्या बागा उभ्या वाळल्या होत्या. पुढे शेततळी झाली, ठिबक आलं, आणि शेततळ्यातून पाणी उचलायला सौर पंप आले. या पंपांना बॅटरी नसते. ऊन असेल तेवढाच वेळ पाणी. अंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि एप्रिल-मेमध्ये झाडावर लहान फळ असतं. तेव्हा पाण्याचा ताण पडला की फळगळ होते. म्हणजे पंपाने सर्वांत जास्त चालायला हवं ते नेमकं सर्वांत तापलेल्या दिवसांत.

अडचण

पहिल्या कंट्रोलरला जाळी आणि पंखा होता. काळ्या रानातली बारीक धूळ, कुंभारमाशीची मातीची घरटी आणि उबेला येणाऱ्या पाली यांनी तो पंखा टिकू दिला नाही. एका ठिकाणी पाल टर्मिनलवर चिकटून शॉर्ट झाला. म्हणून दुसऱ्या खेपेला पूर्ण बंद बॉक्स केला: 40 सेंटीमीटर उंच, 30 रुंद, 20 खोल, गडद राखाडी पावडर कोटिंग, पंखा नाही. पॅनेलच्या सांगाड्याच्या पश्चिमेकडच्या खांबावर, दार बाहेर करून बसवला.

हिवाळाभर काही तक्रार नव्हती. एप्रिल लागला, पारा 42-43वर गेला आणि दुपारी बारानंतर कंट्रोलर ट्रिप होऊ लागले. हीट सिंकवरचा (इलेक्ट्रॉनिक्सची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावरचा) सेन्सर 90 अंशांना पुरवठा तोडायचा, थंड झालं की परत जोडायचा. दुपारभर हाच खेळ. दिवसाचं सर्वांत जास्त पाणी मिळण्याचे तास असे वाया जात होते. गटाचे प्रमुख, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते ओला गोणपाट बॉक्सवर टाकून दिवस काढत होते.

समोरचे पर्याय

पावसाळ्यानंतर दोघे भागीदार पर्याय घेऊन बसले. गाळणी लावून पंखा परत आणायचा, ही वाट लगेच सोडली, कारण दर पंधरवड्याला गाळणी झटकायला कोण जाणार. सगळा बोर्ड रेझिनमध्ये ओतून घट्ट करायचा, तर दुरुस्ती कायमची बंद. हीट सिंक बॉक्सच्या पाठीला बाहेर काढायचा हा पर्याय कागदावर आला होता. पण जुन्या मापाचे बॉक्स तयार होऊन पडले होते, प्रत्येकाची पाठ कापून नवी गॅस्केट बसवावी लागणार होती. थोरल्यांना तो खर्च नको होता. बॉक्सवर छत्री लावायची सूचनाही निघाली, पण ‘त्यानं असा काय फरक पडणार’ म्हणून ती हिशेब न करताच बाजूला पडली. या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा क्षण हाच. तिथे कुणी कागद-पेन्सिल घेतली असती तर पुढचं वर्ष वाचलं असतं.

पाचवा पर्याय काकांच्या एका प्रश्नातून आला. ते म्हणाले होते, “साहेब, डीपीला कुठं पंखा असतोय? तेलावरच चालती ना ती?”

प्रश्न अचूक आहे. गावातला वितरण ट्रान्सफॉर्मर कुठलाही पंप किंवा पंखा न लावता थंड राहतो. वेटोळ्यांजवळचं तेल तापतं, फुगून हलकं होतं, वर चढतं. बाजूच्या नळ्यांमधून किंवा फिनांमधून (पातळ पट्ट्यांमधून) उष्णता हवेला देऊन जड होतं आणि खाली उतरतं. हे नैसर्गिक अभिसरण वर्षानुवर्षं आपोआप चालू राहतं. तेल वीज वाहत नाही, त्यामुळे बोर्ड त्यात बुडवता येतो. स्थिर हवेची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला 0.026 वॅट, तेलाची सुमारे 0.13, म्हणजे पाचपट. वर अभिसरण धरलं तर फायदा त्याहून पुष्कळ मोठा.

पातळ तेलाऐवजी जेल: पहिला मोठा निर्णय

तेलाला थोरल्या भागीदारांचा आक्षेप होता तो गळतीचा. शेतातल्या बॉक्सला केबल ग्लँड (केबल आत घेण्याच्या जागी बसवलेली सील) असतात, दाराची गॅस्केट असते, आणि उन्हात रबर कडक होतं. एक थेंब गळाला तरी शेतकरी फोन करणार. काकांनाही दुसरी भीती होती: डीपीतलं तेल चोरीला जातं, मग हे वीस लिटर कोण ठेवील?

धाकट्यांनी यावर तोड काढली. ऑप्टिकल फायबरच्या केबलमध्ये पाणी शिरू नये म्हणून भरलेली जेली त्यांनी पाहिली होती. त्याच धर्तीवर ट्रान्सफॉर्मरच्या तेलात फ्यूम्ड सिलिका (सिलिकाची अतिशय बारीक पूड) घोटून त्यांनी पांढुरकं, दाट जेल बनवलं. ढवळलं की ते सैल होतं, ओतता येतं, थांबलं की पुन्हा घट्ट. असे द्रव नॉन-न्यूटनियन असतात. पाण्याचा किंवा साध्या तेलाचा दाटपणा ठरावीक तापमानाला ठरलेला असतो, ते हळू ढवळा की जोरात. या जेलचा दाटपणा मात्र त्याला किती जोराने घासता त्यावर ठरतो.

धाकट्यांचा तर्क असा होता की जेल तापलं की फिरायला लागेल, फिरायला लागलं की सैल होईल, सैल झालं की आणखी जोरात फिरेल. आणि फटीशी थांबलेलं जेल घट्टच राहील, गळणार नाही. ऐकायला हे इतकं नेटकं आहे की मी स्वतः त्या बैठकीत असतो तर हिशेब मांडेपर्यंत मलाही पटलं असतं. अशा द्रवांवरच्या संशोधनातही याला आधार सापडतो. चौकोनी पोकळीतल्या अभिसरणाच्या गणितांत, घासल्यावर सैल होणारा द्रव बाकी सगळं सारखं असताना साध्या द्रवापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतो. पण ती गणितं अशा द्रवांची आहेत जे अगदी क्षीण ढकलीलाही थोडे तरी सरकतात. धाकट्यांचं जेल त्या जातीचं नव्हतं.

चाचणी जानेवारीत, शेडमध्ये झाली. वर्कशॉपच्या पॉवर सप्लायची क्षमता कमी, म्हणून अर्धा लोड, आणि वेळ तासभर. हीट सिंकचं तापमान सावकाश चढलं आणि मर्यादेच्या खूप खाली राहिलं. दोघे खूश झाले. त्याच आठवड्यात काही बॉक्स भरून अंबडला गेले.

शेतावर काय झालं

मार्चअखेर फोन सुरू झाले. जेल भरलेले कंट्रोलर रिकाम्या बॉक्सपेक्षा लवकर, सकाळी अकराच्या सुमारास ट्रिप होत होते. आणखी वाईट म्हणजे एकदा तोडलेला पुरवठा लवकर जुळतच नव्हता. हवेचा बॉक्स थोड्या वेळात निवायचा, जेलचा बॉक्स तास-दीड तास धग धरून बसायचा. त्या बागांना रिकाम्या बॉक्सच्या बागांपेक्षाही कमी पाणी मिळालं.

गळती मात्र एकाही बॉक्समध्ये नव्हती.

एक बॉक्स माझ्यासमोर उघडला. हीट सिंकला लागून असलेलं जेल हात लावू देत नव्हतं. त्याच बॉक्सच्या खालच्या, सावलीकडच्या कोपऱ्यातलं जेल कोमट होतं. आणि वरच्या थरावर, भरताना सारखं करायला फिरवलेल्या उलथन्याचा ओरखडा जसाच्या तसा होता. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत एवढ्या उष्णतेत तो बुजला नव्हता. जेल फिरत होतं की नव्हतं याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला कुठल्याही उपकरणाने दिला नसता.

हिशेब

काही द्रवांना सरकायला लावण्यासाठी किमान एक ताण द्यावा लागतो. त्याखाली ते घन पदार्थासारखे जागेवर बसून राहतात. या किमान ताणाला यील्ड स्ट्रेस म्हणतात. चुलीवरचं पिठलं तळाला लागतं आणि पाणी लागत नाही, याचं कारण हेच: तळाची उष्णता पिठल्याला स्वतःहून वर फिरवू शकत नाही, कुणीतरी ढवळावं लागतं.

मग आमच्या बॉक्समध्ये उष्णतेची ढकल किती होती? तेलाची घनता घनमीटरला 900 किलो, दर अंशाला फुगण्याचं प्रमाण 0.0007, हीट सिंक आणि भिंत यांच्या तापमानातला फरक 30 अंश, मधली फट 3 सेंटीमीटर. या सगळ्यांचा गुरुत्वाकर्षणाशी गुणाकार केला की 5.6 पास्कलच्या (ताण आणि दाब मोजण्याचं एकक) आसपास आकडा येतो. उभ्या फटीत द्रव सरकायला सुरुवात व्हायची तर त्याचा यील्ड स्ट्रेस या आकड्याच्या सोळाव्या हिश्शाहून कमी हवा. म्हणजे साधारण 0.35 पास्कल.

जेलचा यील्ड स्ट्रेस मोजायला आम्ही प्रयोगशाळेत गेलो नाही. काचेच्या पट्टीवर एक मिलिमीटर जाडीचा थर दिला आणि पट्टी रात्रभर उभी ठेवली. सकाळी थर जागेवर होता. एक मिलिमीटरचा थर उभ्या काचेवर स्वतःच्या वजनाने जो ताण निर्माण करतो तो जवळपास 9 पास्कल. म्हणजे जेलचा यील्ड स्ट्रेस किमान तेवढा तरी होता, अभिसरणाला चालला असता त्याच्या पंचवीसपट. ते फिरण्याची शक्यताच नव्हती. आणि न फिरणारं जेल म्हणजे उष्णता फक्त वहनाने, थरामागून थर. प्रवाह नसेल तर तेलाची 0.13 ही वाहकता साध्या प्लास्टिकच्या जवळ जाणारी आहे. भागीदारांनी हीट सिंकभोवती वीस लिटरची दुलई गुंडाळली होती.

हीट सिंक हवेत असताना निदान हवा तरी फिरत होती आणि उष्णता थोडीफार प्रारणानेही, म्हणजे किरणांच्या रूपानेही, भिंतीकडे जात होती. जेलने दोन्ही वाटा बंद केल्या.

मग जानेवारीच्या चाचणीत सगळं ठीक का दिसलं? उष्णता तेलात किती वेगाने आत शिरते हे पाहिलं तर तासाभरात ती जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर जाते. त्या तासात हीट सिंकजवळचं जेल उष्णता नुसतं पिऊन घेत होतं, बाहेर टाकत नव्हतं. वर अर्धा लोड आणि थंडीची हवा. तापमान सावकाश चढणं आणि एका जागी स्थिर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आलेख वर चढत असतानाच चाचणी थांबवली गेली होती.

यानंतर धाकट्यांनी विचारलं, “सर, मग सिलिका कमी करून मधलं काहीतरी जमंल का?” त्याचंही उत्तर हिशेबात आहे. बॉक्समध्ये 30 सेंटीमीटर उंचीचं तेल तळाशी 2,600 पास्कलहून अधिक दाब देतं. ग्लँडमध्ये 0.2 मिलिमीटरची, एक सेंटीमीटर लांबीची फट पडली तर या दाबाला थोपवायला सुमारे 26 पास्कलचा यील्ड स्ट्रेस लागतो. अभिसरणाला 0.35पेक्षा कमी हवा, गळती थांबवायला 26 हवा. मधलं प्रमाण असं काही अस्तित्वातच नाही. फट जरा मोठी, उंची जरा कमी धरली तरी हे अंतर मिटत नाही. गुरुत्वाकर्षण गळतीला पूर्ण वजनाने ढकलतं, आणि अभिसरणाला फक्त तापलेल्या आणि गार तेलाच्या वजनातल्या फरकाने. 30 अंशांना तो फरक दोन टक्के आहे.

ज्याचा हिशेब आधी व्हायला हवा होता

जेलचा प्रश्न सुटल्यावर मी दोघांना एक साधा प्रश्न विचारला: बॉक्समध्ये एकूण उष्णता येते किती आणि कुठून?

2 एचपी म्हणजे दीड किलोवॅट. त्यातले सुमारे चार टक्के कंट्रोलरमध्ये उष्णता होऊन राहतात, म्हणजे 60 वॅट. बॉक्सचा बाहेरचा पृष्ठभाग अर्ध्या चौरस मीटरहून थोडा जास्त. शांत हवेत अभिसरण आणि प्रारण मिळून असा पृष्ठभाग दर अंशाला चौरस मीटरमागे साधारण 10 वॅट सोडतो. म्हणजे 60 वॅट बाहेर टाकायला भिंत हवेपेक्षा 12 अंश तापावी लागते. 43 अंशांच्या हवेत 55. यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण बॉक्स उन्हात होता. दुपारी तीनला पश्चिमेकडचं दार आणि वरचा पत्रा, दोन्हींवर ऊन. गडद राखाडी रंग त्यातलं बहुतेक शोषून घेतो. हिशेब केला तर उन्हाचे जवळपास 100 वॅट आत येत होते, कंट्रोलरच्या स्वतःच्या उष्णतेहून जास्त. भिंत 55ऐवजी 74-75ला जात होती. पुढे हीट सिंकपासून आतल्या हवेपर्यंत आणि हवेपासून भिंतीपर्यंत आणखी चाळीसेक अंशांची चढण होती. 90ची मर्यादा कशीच टिकणार नव्हती.

बैठकीत बाजूला पडलेली छत्री एकटीच वीस अंश देत होती. कुठल्याही द्रवाने बाहेरचे हे वीस अंश कमी झाले नसते, कारण द्रव आतली उष्णता भिंतीपर्यंत आणतो, भिंतीवर पडणाऱ्या उन्हाचं तो काही करू शकत नाही.

केलेली कारवाई

आम्ही दोन वाटा शेजारी-शेजारी लावून पाहिल्या.

एका बॉक्समध्ये जेल काढून पातळ, नवं ट्रान्सफॉर्मर तेल भरलं. तेल तापून फुगतं, 50 अंशांच्या चढ-उतारात वीस लिटरमागे पाऊण लिटरपर्यंत वाढतं, म्हणून वर मोकळी जागा ठेवली. थंड करण्याच्या दृष्टीने या बॉक्सने उत्तम काम केलं: हीट सिंक भिंतीपेक्षा जेमतेम सात-आठ अंश वर. काकांचं म्हणणं इथे पूर्ण खरं ठरलं. पण दोन आठवड्यांत तेल ग्लँडच्या फटीतून नव्हे, तर केबलच्या आतल्या बारीक तारांच्या मधून ओढलं जाऊन पलीकडच्या जंक्शन बॉक्समध्ये टपकायला लागलं. अनेक पदरी तारेत तेल असं चढतं. त्याला भरीव पिनांचं सीलबंद टर्मिनल लागतं, आणि ते महाग. शिवाय गरम खनिज तेलात पीव्हीसीचं आवरण कालांतराने कडक होतं. शेतावर दुरुस्तीला गेलेल्या पोराने अठरा किलो तेल कशात ओतायचं, हा प्रश्न वेगळाच.

दुसऱ्या बॉक्समध्ये द्रव काहीच नाही. पाठ कापली, हीट सिंकची फिनं बाहेर, उभी, म्हणजे हवा खालून वर वाहील. ट्रान्झिस्टर सरळ त्या ॲल्युमिनियमवर, मध्ये थर्मल पॅड. बॉक्स पश्चिमेच्या खांबावरून काढून पॅनेलच्या सावलीत, पाठ उत्तरेला करून बसवला. वर चार बोटं अंतर सोडून पांढऱ्या पत्र्याची छत्री, आणि बॉक्सही पांढरा.

निकाल

मेच्या भर दुपारी दुसऱ्या बॉक्सचा हीट सिंक सत्तरच्या आसपास स्थिर राहिला. त्या बागेत पंप दिवसभर अखंड चालला. भागीदारांनी गटाचे सगळे बॉक्स याच पद्धतीने बदलून दिले, पाठ कापण्याचा जो खर्च आधी टाळला होता तो करून, आणि जेल भरण्या-काढण्याचा वर. आतली हवाही गार राहू लागल्याने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना फायदा झाला. त्यांचं तापमान 10 अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं.

काही बागांत त्या बहाराची फळगळ होऊन गेली होती. त्याची भरपाई कंट्रोलर बदलून होत नाही. थोरल्या भागीदारांनी ते गटासमोर उभं राहून मान्य केलं, आणि पुढच्या हंगामातही गट त्यांच्याकडेच राहिला यात त्या बोलण्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी पूर्ण लोडवर, तापमान दोन-तीन तास एका जागी थांबेपर्यंत चालवायला हवी होती. पॉवर सप्लाय लहान असेल तर हीट सिंकवर 60 वॅटचे रेझिस्टर बसवून हे शेडमध्येही होतं. मे महिना नसेल तर हवेच्या तापमानातला फरक वर मिळवायचा, एवढंच.

काचेच्या पट्टीची परीक्षा जेल बनवलं त्याच दिवशी करता आली असती. त्याला पैसे लागत नाहीत. उभ्या पट्टीवर एक मिलिमीटरचा थर थांबत असेल, तर तो द्रव काही सेंटीमीटरच्या फटीत उष्णतेच्या ढकलीने फिरणार नाही.

छत्रीचा हिशेब दहा मिनिटांचा होता आणि तो पर्यायांच्या यादीत सर्वांत आधी व्हायला हवा होता.

जेलला इलेक्ट्रॉनिक्समध्ये जागाच नाही असं मात्र नाही. चिप आणि हीट सिंकमधला कागदाएवढा थर दाटच हवा, कारण तिथे द्रवाने फिरायचं नसतं, फक्त जागेवर राहून फट भरायची असते. तिथे वहनच काम करतं आणि थर इतका पातळ असतो की ते पुरतं. धाकटे भागीदार आता उरलेलं जेल त्या कामाला चालेल का ते पाहत आहेत. मी त्यांना झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनाची पूड मिसळलेली तयार पेस्टच घ्यायला सांगितलं आहे, कारण नुसत्या तेल-सिलिकाच्या जेलची वाहकता तिथेही कमीच पडेल.

बाहेरच्या फिनांमध्ये कुंभारमाशीने पहिल्याच पावसाळ्यात घरटी केली. त्यावर अजून जाळी लावलेली नाही, कारण जाळीने हवाही अडते. पुढच्या खेपेच्या हीट सिंकमध्ये फिनांमधलं अंतर वाढवून पाहायचं ठरलं आहे. तोवर ठिबकचे फिल्टर धुण्याच्या दिवशीच फिनांवरून एक ब्रश फिरवायचा, असं काकांनी गटात लावून दिलं आहे.